गाडी कमी चालते, मग विम्याचे पैसे परत मिळतात का?

वाचकांच्या पत्रांत यावेळी एकच तक्रार निरनिराळ्या गावांहून आली आहे: गाडी दारात उभी, हप्ता मात्र पूर्ण. उत्तरांत घेतलेले ओडीचे (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे) आकडे हिशेब समजावा म्हणून आहेत, तुमच्या पॉलिसीतले वेगळे असतील. थर्ड पार्टीचे दर 1 जून 2022 पासून लागू झालेले आहेत. नूतनीकरणाच्या दिवशी चालू दर एकदा पाहून घ्या.

प्रश्न : मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम आता लातूरहूनच करतो. पूर्वी महिन्यातून दोनदा पुण्याच्या फेऱ्या व्हायच्या, आता वर्षाला तीन हजार किलोमीटरही होत नाहीत. जूनमध्ये पूर्ण विमा भरला आहे. राहिलेल्या महिन्यांचे काही पैसे मागता येतील का? (लातूर)

नाही. साध्या पॉलिसीत गाडी किती चालली याचा हिशेबच नसतो, त्यामुळे कमी चालली म्हणून परतावाही नसतो. यातून मार्ग आहे, पण तो पुढच्या नूतनीकरणाच्या वेळचा आहे.

आधी पॉलिसीचा कागद काढा आणि हप्त्याचे दोन भाग वेगळे करा. पहिला थर्ड पार्टीचा. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई यातून होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नुसार तो सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं: 1000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला 2094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3416 आणि त्यावर 7897. गाडी शंभर किलोमीटर चालो की पन्नास हजार, या रकमेत एक रुपयाही कमी-जास्त होत नाही. दुसरा भाग ओन डॅमेजचा, ज्याला सगळे ओडी म्हणतात. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी यात येते. तो गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), वय, सीसी आणि नोंदणीचं ठिकाण यांवर ठरतो. सवलतीला जागा आहे ती फक्त इथे.

जुलै 2022 मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने ओडीला जोडून ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ विकायला परवानगी दिली. वर्षाला किती चालवणार ते आधी सांगायचं, त्या टप्प्याप्रमाणे ओडीचा हप्ता कमी होतो. टप्पे कंपनीगणिक वेगळे असतात, पण अडीच हजार, पाच हजार, साडेसात हजार अशी मांडणी बहुतेक ठिकाणी दिसेल.

आता बचतीचा हिशेब. 1200 सीसीची कार, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) वजा जाता ओडी 6000 रुपये, थर्ड पार्टी 3416. बेरीज 9416, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून साधारण 11,100. कंपनीने कमी किलोमीटरसाठी ओडीवर 15 टक्के सूट दिली, तर 900 रुपये आणि त्यावरचा जीएसटी 162, म्हणजे 1062 रुपये वाचले. जाहिरातीतली टक्केवारी पाहून अकरा हजारांवर सूट मिळेल असं धरू नका. गाडी जुनी आणि ओडी दोन-अडीच हजारांवर आलेला असेल, तर या योजनेत हाती फारसं काही लागत नाही. ओडी मोठा असलेल्या नव्या गाडीला मात्र ती जरूर पाहावी.

टप्पा अंदाजाने निवडू नका. मागच्या दोन सर्व्हिसिंगची बिलं काढा, प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर असतात. दोन आकड्यांतला फरक बारा महिन्यांवर आणा आणि वर हजार-दीड हजाराची मोकळीक ठेवा. लातूर-पुणे जाऊन-येऊन सातशेच्या आसपास होतात. घरात एक लग्न निघालं, एखाद्याला पुण्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं, की तीन फेऱ्यांत दोन हजार जातात. तुमच्या तीन हजारांना अडीच हजाराचा टप्पा चालणार नाही, पाच हजाराचा घ्या.

पॉलिसी घेताना कंपनी ओडोमीटरचा फोटो किंवा व्हिडिओ मागते. त्यात किलोमीटरचा आकडा आणि गाडीचा नंबर स्पष्ट यायला हवा. तीच प्रत तारखेसह स्वतःकडेही ठेवा. वाद होतो तो इथेच. मीटर बिघडून बदलावं लागलं, तर जॉब कार्ड जपा आणि त्याच आठवड्यात कंपनीला ईमेल करा. जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ बसला नाही, की क्लेमच्या वेळी सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) सर्व्हिसिंगच्या नोंदी मागतो.

टप्पा संपल्यावर काय होतं, हे विकत घेण्याआधी विचारा. काही योजनांत टॉप-अप (पैसे भरून जादा किलोमीटर) घेईपर्यंत ओडीचं संरक्षणच थांबतं, काहींत क्लेम मिळतो पण तुमचा वाटा वाढतो. थर्ड पार्टी दोन्हींत चालूच राहतं. टॉप-अप अपघाताच्या आधी घ्यायचा असतो, नंतर घेतलेला त्या अपघाताला उपयोगी पडत नाही. टप्प्याचे पाचशे किलोमीटर उरले की टॉप-अप घेऊन टाका. उरलेल्या किलोमीटरबद्दल पुढच्या हप्त्यात सूट देणाऱ्या योजनाही आहेत. ‘कमी चालली म्हणून परतावा’ याच्या सगळ्यात जवळची गोष्ट तीच, पण ती पॉलिसीच्या अटींत लेखी असेल तरच धरा. एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

प्रश्न : लॉकडाऊनमध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी गाडीवाल्यांना पैसे परत दिले होते म्हणतात. आपल्याकडे का नाही? (जालना)

दिले होते, हे खरं आहे. ऑलस्टेटने एप्रिल 2020 मध्ये दोन महिन्यांच्या हप्त्यातले 15 टक्के परत द्यायचं जाहीर केलं आणि इतर मोठ्या कंपन्यांनीही तसंच केलं. तिथे हप्ता ठरवताना वर्षाकाठचं चालवणं विचारात घेतलं जातं, त्यामुळे रस्ते ओस पडल्यावर परताव्याच्या मागणीला आधार होता. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकारी आणि साध्या पॉलिसीत ओडीचा किलोमीटरशी संबंध नाही. सरकारने त्या काळात मुदत वाढवून दिली: लॉकडाऊनमध्ये संपणाऱ्या थर्ड पार्टी पॉलिसींचं नूतनीकरण 15 मे 2020 पर्यंत करता आलं. पैसे परत मिळाले नाहीत, आणि त्या वर्षाच्या नावाने आता मागूनही मिळणार नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघं नोव्हेंबर ते एप्रिल मुलीकडे कॅनडाला जाणार. गाडी घराच्या आवारात कुलूपबंद राहील. पॉलिसी जानेवारीत संपते. ती संपू द्यावी आणि आल्यावर नवी घ्यावी, असं शेजारचे सांगतात. पाच-सहा हजार वाचतील का? (नांदेड)

असं करू नका. तुमच्या पत्रावरून दिसतं की सात वर्षांत एकही क्लेम नाही, म्हणजे नो क्लेम बोनस 50 टक्क्यांवर आहे. पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर तो पूर्ण जातो. जानेवारीच्या मध्यापासून 90 दिवस एप्रिलच्या मध्यात संपतात आणि तुम्ही परतणार एप्रिलअखेर. बोनसआधीचा ओडी 12,000 असेल तर आज तुम्ही 6000 भरता. बोनस गेला की पूर्ण 12,000, म्हणजे जीएसटी धरून 7080 रुपये जास्त. पुढच्या वर्षीही लगेच 50 टक्के मिळत नाहीत. पायऱ्या 20, 25, 35, 45, 50 अशा आहेत, पुन्हा वर यायला क्लेमशिवायची पाच वर्षं लागतात. शिवाय खंड पडल्यावर गाडीची तपासणी झाल्याशिवाय ओडी मिळत नाही. तीन महिन्यांचा हप्ता वाचवायला ही फार मोठी किंमत आहे.

उभ्या गाडीला धोका नसतो, हाही गैरसमज. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात दारात उभ्या असलेल्या गाड्याही पाण्यात गेल्या. पुराची भरपाई ओडीतूनच मिळते. (पाण्यात बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. टो करून वर्कशॉपला न्या. स्टार्टर मारल्याने इंजिनात पाणी ओढलं गेलं तर ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा संरक्षण नसलेल्या पॉलिसीत इंजिनचा खर्च नाकारला जातो.) गाडी गल्लीत रस्त्यावर लावली असेल तर थर्ड पार्टीही हवंच. गाडी उभी असतानाही कायद्याच्या दृष्टीने तिचा ‘वापर’ चालू असू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच एका पेट्रोल टँकरच्या प्रकरणात म्हटलं आहे. विमा नसताना पकडलं गेल्यास पहिल्या वेळी 2000 आणि पुढच्या वेळी 4000 रुपये दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

तरीही गाडी खरोखर बंद राहणार असेल तर एक जुनी तरतूद आहे, आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. मोटार टॅरिफमध्ये (मोटार विम्याच्या जुन्या दर-नियमांत) ‘ले-अप’ नावाची नोंद आहे, आयएमटी 11-ए. गाडी सलग किमान दोन महिने गॅरेजमध्ये बंद राहणार असेल, तर तेवढ्या काळापुरती कंपनीची जबाबदारी थांबवता येते. आग, स्फोट, वीज, चोरी, दंगल, वादळ, पूर, भूकंप यांचं गाडीचं संरक्षण मात्र चालू राहतं. रोख काही मिळत नाही. एकतर पुढच्या हप्त्यातून ठरावीक रक्कम वजा होते, नाहीतर थोडा जादा हप्ता घेऊन पॉलिसीची मुदत पुढे ढकलली जाते.

हे ऑनलाइन सहसा दिसत नाही. शाखेत अर्ज द्यावा लागतो: गाडी नंबर, पॉलिसी नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद, कुठे ठेवली आहे, ओडोमीटरचा आकडा. अर्ज जायच्या आधी द्यायचा, आल्यावर ‘गाडी बंदच होती’ म्हणून चालत नाही. हातात एंडॉर्समेंटचा (पॉलिसीतल्या बदलाचा) कागद पडल्याशिवाय ले-अप झालं असं समजू नका. आणि खरी मेख पुढे आहे: या काळात थर्ड पार्टीही थांबलेलं असतं. भाच्याने बॅटरी उतरू नये म्हणून गाडी काढली, वजिराबादपर्यंत चक्कर मारली आणि कुणाला धक्का लागला, तर भरपाई तुमच्या खिशातून. किल्ली कुणाकडे ठेवून जाणार असाल तर ले-अप घेऊच नका.

तुमच्यासाठी आमचा सल्ला असा: जानेवारीची वाट न पाहता निघण्याआधी पूर्ण पॉलिसीचं आगाऊ नूतनीकरण करा. नवी मुदत जुनी संपल्यावरच सुरू होते, त्यामुळे दिवस वाया जात नाहीत. बचत हवी असेल तर त्याच वेळी पाच हजारांचा किलोमीटर टप्पा घ्या. वर्षातले सहा महिने गाडी उभी असल्यावर तो तुम्हाला सहज पुरेल.

प्रश्न : गाडी विकली. पॉलिसीचे सात महिने बाकी आहेत. ते पैसे कुणाचे, माझे की घेणाऱ्याचे? (परभणी)

कायद्याच्या कलम 157 प्रमाणे गाडीबरोबर विमाही नव्या मालकाकडे जातो. त्याने 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. म्हणून उरलेल्या सात महिन्यांची किंमत विक्रीच्या भावातच धरून घेणं सगळ्यात सोपं. पॉलिसी रद्द करून पैसे मागायचे, तर घेणाऱ्याने स्वतःचा विमा घेतल्याचा पुरावा कंपनी मागेल.

तुमचं जे हक्काचं आहे ते म्हणजे नो क्लेम बोनस. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 च्या प्रती, विक्रीचा कागद आणि जुनी पॉलिसी देऊन कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं, त्या मुदतीत दुसरी गाडी घेतली तर तिच्या ओडीवर तेवढी सूट मिळते. घेणाऱ्याला तुमच्या बोनसचा फरक कंपनीकडे भरावा लागेल, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

आरसीवरचं नाव बदललं की नाही याकडे मात्र लक्ष ठेवा. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘आरटीओचं मी बघून घेतो’ म्हणणाऱ्याला सगळे कागद देऊन मोकळं होऊ नका.

प्रश्न : मी ऑनलाइन विमा भरला आणि आठ दिवसांनी कळलं की कर्ज दिलेल्या बँकेनेही दुसऱ्या कंपनीचा काढून पैसे खात्यातून वळते केले. आता? (बीड)

इथे मात्र परतावा मिळतो, आणि चांगला मिळतो. एकाच गाडीवर दोन पॉलिसी असतील तर नंतर सुरू झालेली रद्द करून मागायची. जुन्या टॅरिफपासूनचा नियम असा की, पॉलिसी दोन वेगळ्या कंपन्यांच्या असतील तर नंतरची रद्द करून उरलेल्या दिवसांचा प्रमाणशीर हप्ता परत मिळतो. म्हणून बँकेची नंतर सुरू झाली असेल तर तीच रद्द करा. अट एकच, कोणत्याही पॉलिसीवर क्लेम झालेला नसावा.

अर्जासोबत दोन्ही पॉलिसींच्या प्रती, आरसीची प्रत आणि कॅन्सल केलेला चेक जोडा. गाडीवर कर्ज आहे, त्यामुळे कंपनी बँकेचं ना-हरकत पत्र मागेल. शाखेत आधी त्यासाठी अर्ज द्या आणि तुमच्या पॉलिसीवर बँकेचं नाव हायपोथिकेशनमध्ये (गाडीवरच्या कर्जाच्या नोंदीत) आलं आहे का ते पाहा. बहुतेक वेळा ते आलेलं नसतं, म्हणूनच बँक आपला विमा काढते. पुढच्या वर्षी मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधी नव्या पॉलिसीची प्रत बँकेत देऊन पोच घ्या.

प्रश्न : घरात दोन कार, दोन्ही माझ्याच नावावर. एक जवळपास उभीच असते. कुठे वाचवता येईल? (अंबाजोगाई)

मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा दोन्ही पॉलिसींत भरता का ते पाहा. 15 लाखांचं हे संरक्षण माणसाला असतं, गाडीला नव्हे, त्यामुळे एकदाच पुरे. तुमचा वेगळा 15 लाखांचा अपघात विमा आधीच असेल तर तोही चालतो. नूतनीकरणाच्या फॉर्मवर तसं लिहून द्या. एकाच मालकाच्या अनेक गाड्यांसाठीच्या फ्लोटर पॉलिसीलाही 2022 मध्ये परवानगी मिळाली आहे, कंपनीकडे चौकशी करा.

उभ्या गाडीला ऐच्छिक कपात वाढवणं हा दुसरा मार्ग. क्लेममधले पहिले ठरावीक रुपये तुम्ही सोसायचे, बदल्यात ओडी कमी होतो. दोन मोहांपासून मात्र दूर राहा. आयडीव्ही मुद्दाम कमी लावू नका, कारण चोरी किंवा पूर्ण नुकसान झालं तर तेवढीच रक्कम हाती येते. आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाखांवरून 6000 वर आणून शंभरेक रुपये वाचवायचा पर्याय कुणी दाखवला, तर तो घेऊ नका.

प्रश्न : गाडी पडून असते म्हणून सुट्टीत तुळजापूरच्या भाड्याला देतो. किलोमीटर पाच हजारांच्या आतच आहेत. चालेल ना? (धाराशिव)

नाही. पॉलिसी खासगी वापराची आहे. भाडं घेऊन माणसं नेताना अपघात झाला तर ओडीचा क्लेम नाकारला जाईल, आणि आतल्या प्रवाशांची भरपाई कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकते. किलोमीटर टप्प्यात असले तरी त्याने काही फरक पडत नाही.

प्रश्न : जुनी गाडी भंगारात दिली, आरसी रद्द झाली. चार महिने झाले होते, क्लेम नाही. कंपनीने ओडीचे निम्मेच पैसे परत दिले. बरोबर आहे का? (हिंगोली)

कंपनीने बहुधा जुना ‘शॉर्ट पीरियड’ तक्ता लावला आहे. त्यात महिन्याच्या आत रद्द केलं तर 20 टक्के हप्ता कंपनीचा, दोन महिन्यांपर्यंत 30, तीनपर्यंत 40, चारपर्यंत 50, आणि आठ महिन्यांनंतर काहीच परत नाही. आयआरडीएआयच्या 11 जून 2024 च्या मास्टर परिपत्रकाने हे बदललं. एक वर्षापर्यंतची पॉलिसी ग्राहकाने रद्द केली आणि क्लेम झालेला नसेल, तर उरलेल्या मुदतीचा प्रमाणशीर हप्ता परत द्यायचा, कारणही विचारायचं नाही. म्हणजे ओडी 6000 असेल तर बारापैकी आठ महिन्यांचे 4000 मिळायला हवेत, 3000 नव्हे. आरसीच रद्द झाली आहे, तेव्हा थर्ड पार्टीचाही प्रमाणशीर भाग मागा. नव्या गाडीबरोबर घेतलेली तीन वर्षांची थर्ड पार्टी असेल, तर जी वर्षं अजून सुरूच झाली नाहीत त्यांचा हप्ता परत मागता येतो.

एजंटला फोन करत बसू नका. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा: पॉलिसी नंबर, रद्द झाल्याची तारीख, आरसी रद्द झाल्याचा कागद, मिळालेली रक्कम, तुमच्या हिशेबाने व्हायला हवी ती रक्कम आणि परिपत्रकाची तारीख. परताव्याचा लेखी हिशेब मागा, जीएसटीचा भाग त्यात वेगळा दाखवायला सांगा. चौदा दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि टोकन नंबर लिहून ठेवा.

तिथेही निकाल लागला नाही तर विमा लोकपाल. मराठवाड्यासाठी पुण्याचं कार्यालय आहे. अर्ज ऑनलाइन देता येतो, फी नाही आणि वकील लावायचा नसतो, स्वतःच बाजू मांडायची असते. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज जायला हवा, त्यामुळे नकाराचा ईमेल तारखेसह छापून फाइलला लावा.